स्केल मॉडेलवर तेलाचे आणि ग्रीसचे डाग: गळती शोधण्यापासून ओल्या चकाकीपर्यंत

मॉडेलवरचा तेलाचा डाग खोटा दिसतो, तो बहुधा रंग चुकल्यामुळे नाही. काळा, तपकिरी, मधासारखा पिवळसर, यांतला जवळपास कुठलाही रंग खपून जातो. डाग फसतो तो चकाकीत आणि जागेत. सगळी गाडी मॅट, म्हणजे बिनचकाकीची, असताना तेवढाच एक तुकडा ओला चमकला, की डोळा त्याला तेल समजतो. तोच रंग मॅट वाळला, तर तो चिखल, गंज किंवा नुसता मळ वाटतो. आणि डाग कितीही सुबक झाला, पण त्याच्या वर ना झाकण, ना जोड, ना बोल्ट, असा मोकळ्या पत्र्याच्या मधोमध पडला, तर हातून रंग सांडल्यासारखंच दिसतं. पुढचं सगळं काम या दोन गोष्टींभोवती फिरतं: तेल नेमकं कुठून येतं, आणि कुठे किती चमकतं.

आधी गळती शोधा

ब्रश उचलण्याआधी त्या गाडीची रचना बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक रणगाड्यांचं इंजिन मागे असतं, पण गिअरबॉक्स? शर्मन, पँथर आणि टायगर यांचा गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह (ट्रॅक फिरवणाऱ्या चाकांजवळचे शेवटचे गिअर) पुढच्या बाजूला आहेत, टी-३४ चे मागे. म्हणून शर्मनच्या नाकावर, डिफरन्शियलचं (दोन्ही बाजूंना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) आवरण जिथे बोल्टनी आवळलेलं असतं तिथे, बारीक पाझर शोभून दिसतो. टी-३४ च्या नाकावर तोच पाझर काढला तर त्याला काही कारणच उरत नाही.

इंधनाचंही तसंच. टी-३४ डिझेलवर चालतो, टायगर आणि पँथर पेट्रोलवर. शर्मनमध्ये तर आवृत्तीनुसार फरक पडतो: एम४ए१ मध्ये कॉन्टिनेंटलचं रेडियल पेट्रोल इंजिन, एम४ए२ मध्ये जीएमची दोन डिझेल इंजिनं. पेट्रोल झपाट्याने उडून जातं. जाताना धूळ धुऊन नेतं आणि डागाच्या कडेला तिची बारीक रेघ सोडतं. डिझेल सावकाश उडतं, तेलकट राहतं आणि वर धूळ धरून ठेवतं, त्यामुळे डिझेलचा जुना डाग गडद आणि मेणचट दिसतो. त्यामुळे पेट्रोलच्या रणगाड्यावर टाकीच्या तोंडाशी जाड काळपट थर दिला की जाणकार माणूस लगेच थबकतो.

तेल आणि ग्रीसचे रंगही एकदा मनात पक्के करून घ्या. नवं इंजिन ऑइल मधाच्या रंगाचं आणि पारदर्शक असतं, वापरलेलं काळं. डिझेल इंजिनात काजळीमुळे ते फार लवकर काळं पडतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बहुधा लाल असतं. हे मोटारींच्या मॉडेलला उपयोगी पडतं, पण लाल रंगाची अगदी पुसट छटाच द्या, नाहीतर रक्त वाटतं. साधं लिथियम ग्रीस पिवळसर तपकिरी असतं, मॉलिब्डेनमवालं राखाडी काळं. वापरात आलं आणि धूळ लागली, की दोन्ही शेवटी काळ्या-तपकिरी किटाच्या रूपात दिसतात.

मापाचा हिशोब मात्र कागदावर करा. १:३५ मध्ये १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा डाग, म्हणजे थेंब नव्हे, चांगलं थारोळं. खऱ्या गाडीवर ४० सेंटिमीटर लांब ओघळ असेल, तर १:३५ मध्ये तो ११ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि १:७२ मध्ये साडेपाच. ब्रशचं टोक टेकवून उचललं की पडणारा ठिपका बहुतेक वेळा आपल्याला हवा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो.

साहित्य

तयार बाटल्या मिळतात आणि त्या चांगल्या असतात. एके इंटरॅक्टिव्ह आणि अमो यांची इंजिन ऑइल, ग्रीस, इंधनाचे डाग अशी एनॅमल, म्हणजे स्पिरिटमध्ये पातळ होणारी, मिश्रणं आहेत. वॅलेहोची याच प्रकारची मिश्रणं पाण्याच्या पायावरची आहेत. तामियाचा एक्स-१९ स्मोक हा पारदर्शक, चकचकीत, तपकिरी-काळा रंग एकटाच निम्मं काम करतो. पण माझा कल ट्यूबमधल्या ऑइल कलरकडे आहे. ते सावकाश वाळतात, त्यामुळे कड विरघळवायला, पुसायला, परत लावायला भरपूर वेळ मिळतो. शिवाय बर्न्ट अंबर, रॉ अंबर, रॉ सिएना, काळा आणि प्रशियन ब्ल्यू एवढ्या ट्यूबमध्ये इथलं जवळपास सगळं काम भागतं.

ऑइल कलर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतो, नुसता उडून सुकत नाही, आणि प्रत्येक रंगाचा वेग निराळा असतो. अंबर रंगांत मँगनीज असतं, म्हणून ते लवकर वाळतात. लॅम्प ब्लॅक आणि आयव्हरी ब्लॅक मात्र दिवसेंदिवस चिकट राहतात. जुन्या तेलासाठी ट्यूबमधला काळा वापरण्यापेक्षा बर्न्ट अंबरमध्ये सुईच्या टोकाएवढा प्रशियन ब्ल्यू मिसळा. त्यातून येणारा काळा किंचित हिरवट झाकेचा असतो, वापरलेल्या तेलाला तो अगदी जवळचा दिसतो आणि वाळतोही लवकर.

इतर गोष्टी: वासरहित व्हाइट स्पिरिट, एनॅमलचं ग्लॉस वार्निश किंवा लिक्विनसारखं ऑइल कलरचं माध्यम, ००० चा एक टोकदार ब्रश, एक सपाट मऊ ब्रश, एक जुना ताठ केसांचा ब्रश, टूथपिक, धुळीच्या रंगाची दोन-तीन पिगमेंट (रंगाची कोरडी पूड), ६बी पेन्सिल. ऑइल कलरमध्ये अॅक्रिलिक ग्लॉस मिसळू नका, ते फाटतं.

वॉशसाठी (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगाच्या थरासाठी) ऑइल कलर पुठ्ठ्यावर काढून ठेवतात, म्हणजे पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. इथे आपल्याला दोन्ही प्रकार लागतात. जुन्या, सुकलेल्या डागांसाठी पुठ्ठ्यावरचा रंग घ्या. ताज्या डागांसाठी रंग थेट काचेवर किंवा प्लास्टिकच्या झाकणात काढा, म्हणजे त्यातलं तेल त्याच्यातच राहील.

पृष्ठभाग तयार करणं

मूळ रंग अॅक्रिलिक किंवा लॅकर असावा आणि वर वार्निशचा एक थर पूर्ण वाळलेला असावा. मूळ रंग एनॅमल असेल तर वार्निशशिवाय पुढे जाऊच नका. स्पिरिट त्याला उचलतं.

कोणतं वार्निश, यावर डागाची कड ठरते. पूर्ण मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, पातळ मिश्रण त्यात केशाकर्षणाने चहूकडे पसरतं आणि कड धूसर होते. ग्लॉसवर तेच मिश्रण गोळा होऊन राहतं आणि ठळक कड सोडतं. सॅटिन दोन्हींच्या मधलं, आणि तेच मला सर्वांत सोयीचं वाटतं. पेट्रोलचा पसरट, फिका डाग हवा असेल तिथे तेवढ्या भागावर मॅट मारून घ्यावं.

स्पिरिट उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताणाखाली बसवलेल्या पिनांवर आणि सांध्यांवर साचू देऊ नका. प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं, आणि एबीएस प्लास्टिकच्या भागांत हा धोका जास्त असतो. चाकांचे आणि ट्रॅकचे सांधे आधी रंगवून, वार्निश करून घेतलेले बरे.

टाकीच्या तोंडाचा डाग, पायरीपायरीने

हा एक डाग नीट जमला की बाकीचे त्याच्याच आवृत्त्या असतात. डाग मोठ्या आणि फिक्यापासून लहान आणि गडदाकडे चढवत न्यायचा, कारण खऱ्या गाडीवरही तो तसाच साठत जातो: रोज इंधन भरताना थोडं सांडतं, वाळतं, धूळ बसते, परत सांडतं.

पहिला थर. पुठ्ठ्यावरचा रॉ अंबर स्पिरिटमध्ये इतका पातळ करा की पांढऱ्या कागदावर तो चहाच्या डागासारखा दिसेल. झाकणाचा आणि त्याखालच्या उताराचा भाग आधी स्वच्छ स्पिरिटने नुसता ओलसर करा. आता ब्रशचं टोक झाकणाच्या खालच्या कडेला टेकवा आणि मिश्रण आपोआप उतरू द्या. ओढू नका. मॉडेल हातात तिरपं धरा, म्हणजे ओघळाची दिशा गुरुत्वाकर्षण ठरवेल. माणसाच्या हाताने ओढलेली रेघ नेहमी जास्त सरळ आणि जास्त सारखी येते. वाटेत वेल्डची रेषा, बोल्टचं डोकं किंवा हुक लागला तर ओघळ तिथे अडेल, थोडा रुंदावेल, मग बाजूने उतरेल. तो अडथळा तसाच राहू द्या, डागाला खरेपणा तिथूनच येतो.

दहा-पंधरा मिनिटांनी पृष्ठभाग मॅट झाला, की कोरडा सपाट ब्रश किंचित स्पिरिटला लावून, कापडावर जवळपास पूर्ण पुसून, डागाची वरची आणि बाजूची कड मऊ करा. खालचं टोक सोडून द्या. तिथे थेंब साचून वाळतो, म्हणून टोक थोडं गडद आणि थोडं ठळक असणं बरोबर आहे.

दुसरा थर. रॉ अंबरमध्ये आपला हिरवट काळा मिसळा, स्पिरिट कमी घ्या. पहिल्या डागाच्या निम्म्या रुंदीत, त्याच उगमापासून दोन किंवा तीन ओघळ सोडा, वेगवेगळ्या लांबीचे. एखादा मध्येच विरू द्या. हा थर रात्रभर ठेवा.

यानंतर धूळ, आणि ही पायरी पुष्कळजण गाळतात. गाडीच्या धुळीच्या रंगाचं पिगमेंट कोरड्या मऊ ब्रशने डागावरून हलकेच फिरवा. फार थोडं. जुना डाग आता पत्र्याच्या रंगात बुडाल्यासारखा दिसेल, आणि तेच हवं असतं.

शेवटी ताजं तेल. काचेवरच्या रंगात एनॅमल ग्लॉस किंवा लिक्विन जवळपास समप्रमाणात मिसळा. मिश्रण पारदर्शक राहिलं पाहिजे, खालचा जुना डाग त्यातून दिसला पाहिजे. हे फक्त झाकणाच्या कडेला, एका ओघळाच्या मध्यात आणि एखाद्या बोल्टच्या खाली. संपूर्ण डागाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा ओली चमकू नये. १:७२ मध्ये त्याहूनही कमी, आणि ग्लॉसऐवजी सॅटिन, कारण लहान मापावर पूर्ण चकाकी रंगाच्या थेंबासारखी उठून दिसते.

पेट्रोलसाठी शेवटचा ओला थर जवळपास नसतोच. पहिला थर द्या, त्याची वाळलेली कड मुद्दाम पुसू नका आणि आतला भाग स्वच्छ स्पिरिटने थोडा उजळ करा. धुऊन निघालेल्या धुळीचा परिणाम मिळतो.

चाकं आणि हब

हबचं (चाकाच्या मधल्या तुंब्याचं) सील झिजलं की तेल मध्यातून बाहेर येतं. गाडी उभी असताना ते खाली ओघळतं, धावताना फिरत्या चाकावरून बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. म्हणून हबभोवती आधी गडद ओलसर वलय, मग त्यातून निघणाऱ्या, सूर्यकिरणांसारख्या पण असमान लांबीच्या बारीक रेषा, अशी रचना येते. हबच्या बोल्टभोवती पातळ मिश्रण सोडा, ते वाळायला लागलं की टोकदार, स्पिरिटने ओलसर ब्रशने मध्यातून बाहेर झटके द्या.

उभ्या गाडीचा ओघळ दाखवताना एक गोष्ट लक्षात असू द्या. शरीरावरचे ओघळ नेहमी खाली जातात, पण चाक तर फिरून वेगळ्याच कोनात थांबलेलं असतं. काल रात्री खाली ओघळलेली रेघ आज आडवी किंवा अगदी वर तोंड करूनही असू शकते. जुने ओघळ चाकाचाकावर वेगळ्या दिशेला ठेवा, आणि आजचा ताजा, चमकणारा ओघळ फक्त सरळ खाली.

सगळ्या चाकांना गळती देऊ नका. एका बाजूला दोन चाकं ठळक, दोन पुसट, बाकी कोरडी. ओल्या ऑइल कलरवरच धुळीचं पिगमेंट शिंपडलं की ते चिकटून किटाचा जाडसर, खरबरीत थर तयार होतो. रबराच्या कडेवर मात्र फार तेल नको, तिथे धूळच राज्य करते.

शिंतोडे

इंजिनावरच्या पत्र्यावर, टाकीच्या तोंडाजवळ, अवजारांच्या पेटीभोवती बारीक शिंतोडे लागतात. जुना ताठ ब्रश दाट मिश्रणात बुडवा, कापडावर बराचसा पुसा आणि टूथपिकने केस मागे ओढून सोडा. आधी कागदावर करून पाहा, ठिपके मोठे पडत असतील तर मिश्रण जास्त पातळ आहे किंवा ब्रशवर जास्त आहे. नको त्या भागावर कागद धरा. मोठे ठिपके लगेच स्वच्छ ब्रशने टिपून घ्या. दोन फेऱ्या पुरतात: पहिली मॅट, दुसरी चकचकीत आणि पहिलीपेक्षा विरळ.

ग्रीस

तेल वाहतं, ग्रीस बसून राहतं, म्हणून इथे ओघळ नाहीत, आकारमान आहे. ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि काळं पिगमेंट एकत्र मळून लोण्यापेक्षा थोडा घट्ट लगदा करा, त्यात लिक्विनचा थेंब. टूथपिकने तो पिनेच्या कडेला, बिजागरीच्या फटीत, बुर्जाच्या कड्यात, पाट्यांच्या स्प्रिंगच्या टोकांशी भरा. पिनेतून पिळून बाहेर आल्यासारखी बारीक वळी निघाली पाहिजे. बाहेरच्या कडेला धुळीचं पिगमेंट लावा, आतली कड चमकती ठेवा: आत ताजं ग्रीस, बाहेर जुनं, मातीत माखलेलं.

ग्रीस बघायला सर्वांत चांगली जागा म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकतो आणि अडकतो तो पाट. त्या पाटावर काळ्या ग्रीसचा जाड थर असतो, पण तो सारखा नसतो. ट्रेलरचा पाट घासून जातो तिथे कमानीच्या आकारात ग्रीस पुसलं जातं आणि उघडं लोखंड चमकतं. बाजूला ढकललेलं ग्रीस कडेवर वरंब्यासारखं साचतं, आणि मधल्या खाचेत, जिथे पिन अडकते, गोळे झालेले असतात. १:२४ मध्ये हे करताना आधी पूर्ण पाट गडद लोखंडी रंगाने रंगवा, ६बी पेन्सिलची भुकटी बोटाने घासून कमानी उजळा, मग लगदा सपाट ब्रशने पुढून मागे, ट्रेलर सरकतो त्याच दिशेने, ओढा. शेवटी कडा आणि खाच टूथपिकने भरा. एवढं केलं की बाकी ट्रक अगदी स्वच्छ ठेवला तरी तो कामाचा वाटतो.

एक्स्कॅव्हेटरच्या बादलीच्या आणि बूमच्या पिनांना ग्रीस वारंवार दिलं जातं, म्हणून तिथे हात सैल सोडायला हरकत नाही. हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा मात्र क्रोमचा आणि स्वच्छ असतो, कारण तोंडाशी असलेलं सील प्रत्येक फेरीत मळ खरवडून काढतं. तो मळ दांड्याच्या टोकाकडे, जिथवर सील पोहोचतं तिथे, गडद तेलकट वलय होऊन थांबतो. दांडा चकचकीत, टोकाशी एक वलय, आणि सिलिंडरच्या तोंडापासून खाली एक पाझर. दांडाच मळवून टाकला तर यंत्र बंद पडून वर्षं झाल्यासारखं दिसतं.

प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) युनिव्हर्सल जॉइंटचंही असंच एक वैशिष्ट्य आहे. फिरताना ग्रीस एकाच पातळीत फेकलं जातं, म्हणून जॉइंटच्या बरोबर वर, चासिसच्या तळाला ग्रीसचा आडवा पट्टा उमटतो. मॉडेल उलटं केल्याशिवाय तो दिसत नाही, तरी मी तो करतो.

उघडं इंजिन

इंजिनवर तेल वरून खाली येतं: व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटपासून ब्लॉकवर, तिथून संपकडे, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याकडे. म्हणून वरचा भाग धुळकट, मधला ओघळांचा, खालचा सर्वांत ओला. तेल भरण्याच्या झाकणाभोवती आणि डिपस्टिकच्या नळीशी थोडी ताजी चकाकी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर चकाकी अजिबात नको. तिथे पडलेलं तेल जळून मॅट, करपलेला तपकिरी डाग उरतो.

क्रम आणि दुरुस्ती

वार्निश, जुने डाग, धूळ, ताजे डाग. हा क्रम मोडला की सगळं वाया जातं. ताज्या डागांवर मॅट वार्निश फवारलं तर चकाकी मेली, आणि अर्धवट वाळलेल्या ऑइल कलरवर लॅकरचा स्प्रे मारला तर सुरकुत्या पडतात. डाग झाल्यावर मॉडेल दोन-तीन दिवस धूळ न बसणाऱ्या झाकणाखाली ठेवा. ग्रीसच्या जाड गोळ्यांना आठवडा किंवा जास्तही लागतो.

डाग जास्त झाला तर त्याच दिवशी स्पिरिटने ओलसर ब्रशने निघतो. वाळलेला असेल तर आजूबाजूच्या रंगाचा पातळ ऑइल कलर वरून ओढून तो बुजवा, खरवडू नका. चकाकीच जास्त वाटत असेल तर पिगमेंटचा हलका स्पर्श पुरेसा.

काम खिडकी उघडी ठेवून, नायट्राइलचे हातमोजे घालून करा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जमिनीवरचे थेंब

बेसवर गाडी चिकटवण्याआधी ती जागेवर ठेवून संप आणि गिअरबॉक्स नेमके कुठे येतात त्याच्या खुणा करा. काँक्रीटवर तेल पसरून मोठा, गडद, मॅट डाग होतो आणि मध्यात छोटं ओलं बेट राहतं. मातीत ते मुरतं, म्हणून तिथे चकाकी जवळपास नसते, माती फक्त गडद होते. गाडी नुकतीच निघाली आहे असं दाखवायचं असेल, तर मोठ्या डागापासून पुढे थेंबांची ओळ काढा. गळती त्याच वेगाने चालू असते आणि गाडीचा वेग वाढत जातो, त्यामुळे थेंबांमधलं अंतर प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त ठेवा, आणि पाच-सहा थेंबांनंतर ओळ सोडून द्या.